दुकानातून विंडोज ११ टाकून आणलं आणि ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ येऊ लागलं: नवी की घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. तुम्ही कर सल्लागार आहात. २०१९ साली घेतलेल्या लॅपटॉपवर मुळात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला म्हणून जवळच्या दुकानातून विंडोज ११ टाकून घेतलं. सी ड्राइव्ह साफ झाला, डी तसाच राहिला, टॅली दुकानदारानेच परत चढवून दिलं. आठवड्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं दिसू लागली. सेटिंग्जमध्ये एक लांबलचक कोड आहे, त्याची शेवटची चार अक्षरं एफ२१२. दुकानदार म्हणतो, जुनं लायसन्स संपलं, साडेसातशे रुपयांत नवी की (विंडोज ॲक्टिव्हेट करण्याचा पंचवीस अक्षरांचा नंबर) देतो. की घ्यावी का, आणि नाही घेतली तर डेटाला धोका आहे का, हे तुम्हाला विचारायचंय.

डेटाचं आधी सांगतो, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. ॲक्टिव्हेशन, म्हणजे तुमचं विंडोज अस्सल लायसन्सचं असल्याची मायक्रोसॉफ्टकडची खातरजमा, नसल्यामुळे विंडोज ११ तुमची एकही फाइल बंद करत नाही. वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत, कोपऱ्यात ती अक्षरं राहतात, अधूनमधून सूचना येते. सुरक्षेचे अपडेटही येत राहतात. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत काही केलं नाही तर काम थांबेल अशी परिस्थिती नाही. रिटर्नची गडबड असेल तर ती आधी संपवा.

आता लायसन्स. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स मुदत संपून जात नाही. ते त्या यंत्राला कायमचं दिलेलं असतं आणि विंडोज १० चं लायसन्स त्याच प्रकारच्या विंडोज ११ ला चालतं. माझा अंदाज आहे की तुमचं लायसन्स जागेवर शाबूत आहे आणि दुकानदाराने विंडोजचा दुसराच प्रकार टाकलाय. सातबारा एका गटाचा आणि घर शेजारच्या गटात बांधलेलं, तसं झालंय. सातबारा खोटा नाही, घरही पडलेलं नाही, पण दोन्ही जुळत नाहीत. अशा वेळी नवा सातबारा विकत घ्यायला निघणं हा उपाय नव्हे.

एफ२१२ वरून हे का म्हणतो ते सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या कोडमध्ये एफ२११, एफ२१२ आणि एफ२१३ ही जवळची भावंडं आहेत. फोनवर लोक घाईत ‘एफ दोनशे काहीतरी’ म्हणतात आणि मी दर वेळी शेवटचा आकडा पुन्हा वाचायला लावतो, कारण सगळी वाट त्यावर ठरते. २११ म्हणजे हार्डवेअर बदललंय. २१३ म्हणजे या यंत्रावर कीच सापडत नाही, हे बहुतेक मदरबोर्ड (लॅपटॉपमधला मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर दिसतं. २१२ म्हणजे लायसन्स एका प्रकारच्या विंडोजचं आणि टाकलेलं विंडोज वेगळ्या प्रकारचं. तुम्ही बोर्ड बदलल्याचं लिहिलेलं नाही, फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकल्याचं लिहिलंय. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात.

प्रकार म्हणजे काय? आपल्याकडे घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. साधं ‘होम’ वेगळं, ‘प्रो’ वेगळं, ‘एंटरप्राइज’ आणखी वेगळं. पडद्यावर सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. दुकानातल्या पेनड्राइव्हवर मात्र बहुधा प्रो असतं, कारण ऑफिसवाल्या गिऱ्हाइकांना तेच लागतं आणि एकच पेनड्राइव्ह सगळीकडे फिरतो. तुमचं लायसन्स होम सिंगल लँग्वेजचं असेल आणि टाकलं प्रो, तर मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर म्हणतो, या यंत्राला मी ओळखतो, पण प्रो याच्या नावावर नाही.

विंडोज अपडेटमधून रीतसर ११ वर गेलात तर हे होत नाही. तो रस्ता जुना प्रकार तसाच पुढे नेतो. तुमचा सी ड्राइव्ह साफ झाला यावरूनच कळतं की दुकानदाराने तो रस्ता घेतला नाही.

आता लायसन्स राहतं कुठे, हे समजून घ्या. पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. पूर्वी लॅपटॉपच्या पोटाखाली पंचवीस अक्षरांचं स्टिकर असायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कंपन्या की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या प्रोग्राममध्ये) लिहून पाठवतात. स्टिकर असलं तरी त्यावर नंबर नसतो. कित्येक जण मला घाबरून विचारतात, ‘स्टिकरवर नंबरच नाही, मला फसवलं का?’ नाही, २०१९ च्या लॅपटॉपवर नंबर नसणंच बरोबर आहे. बोर्डमध्ये लिहिलेली ही की हार्ड डिस्क फॉरमॅट केली, डिस्क काढून नवी एसएसडी टाकली, तरी पुसली जात नाही.

दुसरी जागा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत ‘डिजिटल लायसन्स’ आलं. विंडोज एकदा ॲक्टिव्हेट झालं की यंत्राच्या हार्डवेअरवरून एक ओळख तयार होते आणि ती तिकडे नोंदवली जाते. पुढे त्याच यंत्रावर त्याच प्रकारचं विंडोज टाकलं आणि इंटरनेट जोडलं की की न टाकताही ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. त्यातही ‘मदरबोर्ड’ हा मुख्य भाग. रॅम वाढवली, डिस्क बदलली तर सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की यंत्र अनोळखी होतं.

आता माझा अंदाज तुमच्या यंत्रावर तपासा. मी लांब बसलोय, त्यामुळे हे तुम्हीच करायचंय, पण दहा मिनिटांचं काम आहे आणि यात बिघडण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडा आणि वर लिहिलेला प्रकार कागदावर उतरवा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा, मग तिरकी रेघ, मग डी-एल-व्ही एवढं लिहून एंटर करा. काही सेकंदांनी एक लांब खिडकी येते. तिच्यातल्या चार ओळी तुमच्या कामाच्या आहेत. ‘नेम’च्या ओळीत प्रकार असतो. इथे लोक गोंधळतात, कारण आत होमला ‘कोअर’ म्हणतात आणि होम सिंगल लँग्वेजला ‘कोअरसिंगललँग्वेज’. ‘डिस्क्रिप्शन’च्या शेवटी चॅनल असतो, तो ओईएम (यंत्रासोबत आलेलं), रिटेल (स्वतंत्र विकत घेतलेलं) किंवा व्हॉल्यूम (कंपन्यांना एकगठ्ठा दिलेलं) यांपैकी एक. ‘पार्शल प्रॉडक्ट की’मध्ये कीची शेवटची पाच अक्षरं. आणि ‘लायसन्स स्टेटस’, जिथे तुमच्याकडे ‘लायसन्स्ड’ऐवजी ‘नोटिफिकेशन’ दिसेल.

त्या पाच अक्षरांवर थोडा थांबतो. तिथे ३व्ही६६टी दिसलं तर ती मायक्रोसॉफ्टची प्रोसाठीची सर्वसाधारण की आहे. ८एचव्हीएक्स७ ही होमची, ६एफ४बीटी ही होम सिंगल लँग्वेजची. या की म्हणजे फक्त विंडोज बसवताना लावलेली जागा धरून ठेवणारी चिठ्ठी. त्यांनी ॲक्टिव्हेशन होत नाही, ते डिजिटल लायसन्समुळे होतं. म्हणून असंख्य अस्सल यंत्रांवर हीच पाच अक्षरं दिसतात आणि ती दिसली म्हणून चोरीचा माल असा अर्थ होत नाही. तुमच्याकडे ३व्ही६६टी आणि ‘नोटिफिकेशन’ असं एकत्र दिसलं, तर प्रो बसवलंय पण प्रोचा हक्क नाही हे नक्की झालं.

आता बोर्डमध्ये काय लिहिलंय ते बघा. स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा आणि इंग्रजीत ‘गेट’, मग आडवी रेघ, मग ‘सिमइन्स्टन्स’, जागा, ‘सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस’ असं लिहा. सिमचं स्पेलिंग सी-आय-एम. एंटर केल्यावर बऱ्याच ओळी येतील. त्यांत ओए३एक्सने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. एकीत बोर्डमधली पूर्ण की दिसते, दुसरीत तिचं वर्णन. वर्णनात ‘कोअरसिंगललँग्वेज’ असेल तर प्रश्न सुटला. तुमचं लायसन्स तिथे बसलेलं आहे आणि त्याचा प्रकार तुम्हाला कळला. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पण पूर्ण की कुठे टाकू नका, कोणाला पाठवू नका. मलाही नको.

(की हाताने उतरवायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यात ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात, तसेच शून्य आणि एक हे आकडेही नसतात. त्यामुळे ‘हा ओ आहे की शून्य’ हा प्रश्न पडला तर तुम्ही चुकीचं वाचताय. घोळ होतो तो बी आणि ८ मध्ये, जी आणि ६ मध्ये.)

समजा माझा अंदाज बरोबर निघाला. मग दोन रस्ते आहेत.

तुम्हाला प्रोची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या लॅपटॉपवर विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल, ऑफिसमध्ये सर्व्हर असून लॅपटॉप त्याच्या डोमेनला (ऑफिसची सगळी यंत्रं सर्व्हरवरून सांभाळण्याच्या व्यवस्थेला) जोडायचा असेल, तर प्रो लागतं. तसं असेल तर त्याच ॲक्टिव्हेशनच्या पानावरून मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून प्रोचं लायसन्स रीतसर विकत घ्या. पुन्हा काही बसवावं लागणार नाही. पण एकट्याने टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल वापरणाऱ्या माणसाला प्रो घेण्याचं मला कारण दिसत नाही. माझ्याकडच्या पाच-सहा सीए आणि कर सल्लागारांची ऑफिसं होमवर व्यवस्थित चालतात.

दुसरा रस्ता म्हणजे होम सिंगल लँग्वेज पुन्हा बसवणं. वाईट बातमी ही की प्रोवरून होमवर सगळे प्रोग्राम जागेवर ठेवून उतरण्याचा रीतसर मार्ग नाही. पुन्हा एकदा सी साफ होणार. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) दोन शब्द बदलून फसवण्याची युक्ती इंटरनेटवर सापडते. मी ती एका यंत्रावर करून पाहिली आणि पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडकलं, तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या यंत्रावर करत नाही.

पुन्हा बसवण्याआधीची तयारी हाच यातला नाजूक भाग आहे, म्हणून तो सावकाश वाचा.

डी ड्राइव्ह ‘तसाच राहील’ या भरवशावर राहू नका. बसवताना एका चुकीच्या क्लिकने तोही जातो. टॅलीचा डेटा, डेस्कटॉप, डाउनलोड्स, मेल, ब्राउझरचे बुकमार्क, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.

टॅली आता ज्या विंडोजवर चालतंय, तिथूनच त्याचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे टॅलीकडे परत जमा करा, आणि मगच फॉरमॅट करा. लोक हे विसरतात आणि मग नव्या विंडोजवर टॅली ‘हे लायसन्स दुसरीकडे चालू आहे’ म्हणून अडून बसतं.

डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी लागणारं एमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करण्याचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावं लागेल. सेटअप हाताशी ठेवा आणि टोकनचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मिळवा. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. दुकानदाराने सेटअप करताना स्वतःचं अकाउंट वापरलं असेल तर ती त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप माझ्याकडे आला. विंडोज नव्याने बसवलेलं, डी ड्राइव्हवर कुलुपाचं चिन्ह, आत मुलांच्या दहा वर्षांच्या निकालाची पत्रकं. ज्याने लॅपटॉप बनवून दिला होता त्याला ते अकाउंटच आठवेना. ते कुलूप मला उघडता आलं नाही आणि कोणालाच येणार नाही, ते तसंच बनवलेलं आहे. बाईंनी जुने ईमेल धुंडाळून निम्मी पत्रकं परत गोळा केली. लायसन्सच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी महाग पडते.

तयारी झाली की पेनड्राइव्ह. दुकानातला नको. निदान ८ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून स्वतः बनवा. त्या पेनड्राइव्हवर होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो असे प्रकार एकत्र असतात. सेटअप सुरू होताच तो बोर्डमधली की वाचतो आणि प्रकार स्वतःच निवडतो. तुम्हाला विचारतही नाही. दुकानातल्या पेनड्राइव्हमध्ये मात्र बरेचदा एक छोटी फाइल घातलेली असते, जी बोर्डची की बाजूला सारून ठरावीक प्रकार बसवायला लावते. तुमच्याकडे हेच झालं असावं.

होमच्या सेटअपला मधे इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं. अकाउंट तुमचं स्वतःचंच वापरा, मुलाचं किंवा दुकानदाराचं नको. बसवून झालं, इंटरनेट लागलं की काही मिनिटांत ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. नाही दिसलं तर त्या पानावरचा ट्रबलशूटर एकदा चालवा.

इथपर्यंत मी एकाच शक्यतेबद्दल बोललो. पण बोर्डमधली की बघताना ओए३एक्सच्या ओळी रिकाम्या निघाल्या, किंवा डिस्क्रिप्शनमध्ये ‘व्हॉल्यूम’ दिसलं, तर चित्र बदलतं.

आधी ‘व्हॉल्यूम’. डिस्क्रिप्शनमध्ये ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ आणि खाली मुदतीची तारीख दिसली तर घरगुती लॅपटॉपसाठी ती धोक्याची खूण समजा. केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची व्यवस्था आहे. कंपनीच्या आत एक सर्व्हर असतो, तो प्रत्येक यंत्राला १८० दिवसांचा परवाना देतो आणि यंत्र दर सात दिवसांनी तो नवा करून घ्यायचा प्रयत्न करतं. यंत्र कंपनीच्या नेटवर्कवर असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. काही दुकानदार या कंपनीच्या सर्व्हरचं सोंग घेणारा प्रोग्राम यंत्रात टाकतात. मग गिऱ्हाइकाला वाटतं ॲक्टिव्हेशन झालं, आणि एक दिवस अँटिव्हायरस तो प्रोग्राम पकडतो आणि त्यानंतर १८० दिवस उलटले की पाणी डोक्यावरून जातं.

एका क्लासमध्ये अकरा जुने लॅपटॉप एकगठ्ठा घेतलेले होते. सहा महिन्यांनी एकाच आठवड्यात अकराच्या अकरांवर ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ आलं. क्लासचे सर मला म्हणाले, ‘व्हायरस शिरलाय.’ मी पहिला लॅपटॉप उघडून डीएलव्हीची खिडकी बघितली. केएमएस, आणि सर्व्हरचं नाव यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याचं, म्हणजे सोंग घेणारा प्रोग्राम आतच बसवलेला. पण नशीब चांगलं होतं. ते लॅपटॉप पूर्वी कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात होते आणि अकरापैकी नऊंच्या बोर्डमध्ये कंपनीने लिहिलेली प्रोची अस्सल की होती. विकताना वरून दुसरंच विंडोज टाकलं होतं एवढंच. स्वच्छ पेनड्राइव्हवरून प्रो बसवलं, नऊ यंत्रं एकही रुपया न खर्चता ॲक्टिव्ह झाली. उरलेल्या दोनांसाठी लायसन्स विकत घेतली. जुना लॅपटॉप घेताना बोर्डमधली की तिथेच बघून घ्यावी, असं मी सगळ्यांना सांगतो ते यामुळे.

तुमच्या कंपनीनेच दिलेला लॅपटॉप असेल आणि कोडच्या शेवटी एफ०७४ येत असेल, तर मात्र हे खरंखुरं केएमएस आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर जा, नाहीतर आयटीच्या माणसाला फोन करा. स्वतः काही टाकू नका.

ओळी रिकाम्या निघाल्या आणि कधीतरी बोर्ड बदलला असेल, तर आठवून बघा तो कोणी बदलला. वॉरंटीत सर्व्हिस सेंटरने बदलला असेल तर नव्या बोर्डमध्ये विंडोजची की लिहून देणं त्यांचं काम होतं आणि ते राहिलंय. एका मित्राच्या लॅपटॉपचं असंच झालं. आम्ही जुनं बिल, ज्यावर विंडोज १० होम सिंगल लँग्वेज स्पष्ट लिहिलं होतं, आणि बोर्ड बदलल्याचा जॉबशीट घेऊन परत गेलो. काउंटरवर पहिल्यांदा ‘विंडोज आमच्याकडे येत नाही’ असंच उत्तर मिळालं. मी म्हटलं, ‘विंडोज टाकून नका देऊ, बोर्डमध्ये की चढवून द्या.’ हे वाक्य ऐकल्यावर आतला टेक्निशियन बाहेर आला, त्याला बरोबर कळलं होतं. दोन दिवसांत काम झालं. तुम्हीही हेच शब्द वापरा. बाहेरच्या दुकानातून, वॉरंटीनंतर, दुसऱ्याच यंत्रातून काढलेला बोर्ड बसवला असेल, तर मूळ ओईएम लायसन्स त्या जुन्या बोर्डबरोबर गेलं असं धरा.

असेम्बल केलेला डेस्कटॉप असेल आणि विंडोज स्वतंत्र विकत घेतलं असेल तर ते रिटेल लायसन्स, आणि ते नव्या बोर्डवर नेता येतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १६०७ आवृत्तीपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. बोर्ड बदलण्याआधी ते जोडून ठेवा. नंतर ट्रबलशूटरमध्ये ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडून जुनं यंत्र यादीतून ओळखायचं. आधी जोडलेलं नसेल तर ही यादीच येत नाही.

विंडोज ७ च्या जुन्या कीबद्दलही बरेच जण विचारतात. ७ आणि ८ वरून १० वर फुकट जाण्याची योजना २९ जुलै २०१६ ला संपली, पण जुनी की त्यानंतरही कित्येक वर्षं चालून जायची. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधी ज्यांचं डिजिटल लायसन्स तयार झालं ते वैध आहे. आता जुनं स्टिकर काढून की टाकायला गेलात तर चालेल अशी आशा ठेवू नका.

दोन किरकोळ कारणंही असतात. यंत्राची तारीख चुकलेली असेल तर सर्व्हरशी बोलणंच होत नाही. जुन्या डेस्कटॉपवर तारीख पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. आणि कधीकधी चूक खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची असते. ८ नोव्हेंबर २०१८ ला जगभरातल्या अनेक अस्सल विंडोज १० प्रो यंत्रांना ‘तुमचं लायसन्स होमचं आहे’ असं सांगितलं गेलं. चूक तिकडची होती आणि ती लवकरच दुरुस्त झाली, पण तेवढ्या वेळात घाईने ज्यांनी फॉरमॅट मारला त्यांचं नुकसान झालं. म्हणून काही न बदलता अचानक कोड आला तर मी एक दिवस थांबायला सांगतो. तुमच्या बाबतीत थांबून उपयोग नाही, कारण तुमच्याकडे बदल झालेला आहे.

आता ती साडेसातशेची की. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या की बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि अनेकांना विकलेल्या असतात. आज ती चालेलही. पण ती की जितक्या यंत्रांवर चालते तो आकडा संपला किंवा मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की पुन्हा तोच कोपरा, तीच अक्षरं, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन लागत नाही. तुमच्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील आहेत. अशा यंत्रावर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हे चालवा’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. दुकानदाराने विंडोजसोबत ऑफिसही ‘फ्री’ टाकून दिलं असेल तर तेही याच नजरेने बघा. लॅपटॉपसोबत मूळचं ऑफिस आलं असेल तर ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असतं, तिथून परत उतरवता येतं.

दुकानदाराला दोष देऊन भांडायला जाऊ नका असं मी म्हणेन. बहुतेकांना प्रकाराचा हा फरक माहीतच नसतो, ‘कोड आला म्हणजे लायसन्स संपलं’ हे त्यांनीही कोणाकडून तरी ऐकलेलं असतं. बोर्डमधल्या कीचं वर्णन त्यांना दाखवा आणि पुन्हा बसवून द्या म्हणा. फक्त पेनड्राइव्ह तुमचा द्या आणि बॅकअप स्वतः घेऊन जा.

सध्या एवढंच करा. डीएलव्हीच्या खिडकीतल्या त्या चार ओळी आणि ओए३एक्सचं वर्णन मला लिहून पाठवा. की नको, फक्त वर्णन. ते ‘कोअरसिंगललँग्वेज’ असेल तर बॅकअपला लागा. आणि पुढे बसवताना तुमच्या पेनड्राइव्हने ‘कोणता प्रकार हवा’ असं विचारलं, तर काही न निवडता त्या पडद्याचा फोटो काढा, लॅपटॉप बंद करा आणि इथे सांगा. तसं विचारलं जायला नको, आणि विचारलं गेलं तर बोर्डबद्दलचा माझा अंदाज पुन्हा तपासावा लागेल.